बापूरावांचा सायकल ट्रॅक

हडपसरचे बापूराव आयुष्यभर सायकलवरून कारखान्यात गेले आणि सायकलवरूनच रिटायर होऊन घरी आले. मधल्या काळात ऊस गेला, सोसायट्या उभ्या राहिल्या, भावकीतल्या पोरांच्या दारात मोठमोठ्या चारचाक्या आल्या. बापूरावांच्या दारात फक्त सायकलची सीट बदलली. गुंठे विकले तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, आता तरी गाडी घे.” बापूराव म्हणाले, “मग सायकल कुठं लावू?”

गेल्या दिवाळीत एका टेम्पोचा आरसा त्यांच्या कोपराला लागला. हाड शाबूत राहिलं, पण मुलगी चैताली बिथरली. आयटीत असल्यामुळे तिने घरातच पॉलिसी जाहीर केली. “अण्णा, यापुढे ओन्ली सायकल ट्रॅक. मेन रोडवर दिसलात तर त्याच दिवशी सायकल भंगारात. फायनल.”

ट्रॅक म्हणजे रस्त्याकडेचा लाल ब्लॉकचा पट्टा. घरापासून थेट मंडईपर्यंत जायचा. निदान नकाशात तरी जायचा. प्रत्यक्षात त्यावर साईनाथची शहाळ्यांची गाडी होती, पंक्चरवाल्याचे टायर होते, रिक्षा होत्या, आणि एक झाकून ठेवलेली मोटार होती, जिचा मालक कोणी पाहिला नव्हता. बापूरावांचं सगळ्यांशी ठरलेलं होतं. घंटी वाजली की साईनाथ गाडी मागे ओढायचा, बापूराव उतरून एक शहाळं घ्यायचे, दोघं मिळून नगरसेवकाला शिव्या द्यायचे आणि मग पुढे पंक्चरवाल्याकडे. मोटारीपाशी ते सायकल हातात धरून वळसा घालायचे आणि नसलेल्या मालकाला दोन शब्द सुनवायचे. ते गेले की मागे सगळं पुन्हा जागच्या जागी.

असं बरं चाललं होतं, तेवढ्यात खांबावर नोटीस लागली. ट्रॅक काढून रस्ता रुंद करणार. कारण, सायकलस्वारांकडून वापर होत नाही. हरकती असल्यास कळवाव्यात. पुण्यात हरकती मागवाव्या लागत नाहीत, त्या घरोघरी तयारच असतात. पण या विषयावर एकच आली. बापूरावांनी लिहिलं, ‘वापर होतो. मी करतो.’

एका हरकतीसाठीही पाहणी करावी लागते, म्हणून एक साहेब येणार असं ठरलं. आता ट्रॅक गेला तर सायकल भंगारात, हे बापूरावांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी हास्य क्लबच्या हिंमतरावांना गाठलं. हिंमतराव म्हणाले, “बापूराव, काळजी सोडा. अख्खा क्लब उभा करतो.”

पाहणीच्या सकाळी अख्खा क्लब आला. हातात ‘सायकल वाचवा’चे फलक. आले मात्र सगळे स्कूटरवरून, आणि रस्त्यावर गर्दी नको म्हणून प्रत्येकाने आपली स्कूटर शिस्तीत, तिरकी, ट्रॅकवर लावली.

साहेबांनी ती रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. “आपण सायकलवाले का?”

“आमचा तत्त्वाला पाठिंबा आहे,” हिंमतराव म्हणाले.

“अच्छा. आणि तत्त्वाला स्टँड आहे वाटतं.” साहेबांनी मोबाइल काढून फोटो घेतला. “छान. हाच जोडतो रिपोर्टला.”

बापूरावांनी रांगेकडे पाहिलं. पहिलीच स्कूटर चैतालीची होती. ऑफिसला जाता जाता तीही थांबली होती.

“चैताली, तुझी पॉलिसी काय फक्त मलाच हाय का?”

“अण्णा, दोन मिनिटांसाठी लावली होती.”

“सगळ्यांनी दोन मिनिटांसाठीच लावलीय बाई. त्या मोटारवाल्याने पण.” मग ते साहेबांकडे वळले. “साहेब, तुम्ही एक चहा घ्या. तेवढ्यात मोकळा करतो. मग काय तो फोटो काढा.”

साहेबांचा चहा व्हायचाच होता. स्कूटरी निघाल्या. साईनाथने गाडी पार झाडामागे नेली, पंक्चरवाल्याने टायर आत घेतले, रिक्षा हलल्या. झाकलेली मोटार हास्य क्लबने न हसता उचलून कडेला ठेवली. लाल पट्टा थेट मंडईपर्यंत दिसला. तो इतका सरळ आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

बापूरावांनी सायकल काढली. साहेब शेजारच्या रस्त्याने मोटरसायकलवरून, एक डोळा ट्रॅकवर ठेवून निघाले. थोडं पुढे गेल्यावर शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली रस्त्यावरून सायकली वळवून बापूरावांच्या मागे ट्रॅकवर आल्या. मग डबा अडकवलेला एक वॉचमन. मग गॅरेजकडे निघालेली पोरं. इतके दिवस हे सगळे बसच्या चाकाजवळून जात होते. साहेबांनी थांबून फोटो काढला, मग आणखी काढले.

बापूरावांची मात्र दमछाक झाली. साईनाथचं झाड गेलं, पंक्चरवाला गेला, मोटार गेली, उतरायला कुठे निमित्तच मिळेना. आणि मागे एवढी माणसं असताना मध्येच उतरणार कसं? मंडईला पोचले तेव्हा ते फुटपाथच्या कडेलाच बसले.

“काका, रोज वापरता म्हणून लिहिलंत ना?” साहेबांनी विचारलं.

“रोजच वापरतो,” बापूराव धापा टाकत म्हणाले. “पण थांबत थांबत. आज थांबायला काही ठेवलंच नाही तुम्ही.”

साहेब पहिल्यांदा हसले. जुना फोटो त्यांनी काढून टाकला की नाही ते कळलं नाही. पण पुढे खांबावर नवी नोटीस लागली. या भागातलं काम पुढील आदेशापर्यंत स्थगित. पुढचा आदेश कधी, ते त्यात नव्हतं. चैतालीने नोटीस दोनदा वाचली आणि सायकलचा विषय काढला नाही.

रिक्षा परत आल्या, टायरही आले. साईनाथने मात्र गाडी झाडामागेच ठेवली. सावली बरी आहे म्हणाला. बापूराव सवयीने तिथे उतरले, ट्रॅकवर सायकल आडवी लावली आणि शहाळं तोंडाला लावलं. नगरसेवकाचा विषय निघतोय तोच मागे घंटी वाजली. शाळेच्या त्याच दोन मुली होत्या.

“आजोबा, ट्रॅक मोकळा करा ना.”

बापूरावांनी साईनाथकडे पाहिलं. तो शहाळी मोजायला लागला होता. मग त्यांनी मुकाट्याने सायकल उचलून झाडामागे घेतली.