नलूआत्याची राहिलेली फेरी

निजामुद्दीनला गाडी वेळेवर पोहोचली. दिल्लीने माझ्या बाबतीत दाखवलेली ही पहिली आणि शेवटची शिस्त. मी आले होते नलूआत्याला कायमची पुण्याला न्यायला. वय ब्याऐंशी, करोल बागेत तिसऱ्या मजल्यावर एकटी, आणि थंडीत दोनदा जिन्यावरून पडलेली. परतीची दोन तिकिटं मी आणली होती. आत्याने अजून हो म्हटलं नव्हतं.

आत्या तिथल्या एका छोट्या मराठी शाळेत तेहतीस वर्षं शिकवत होती, शेवटी मुख्याध्यापिका; निवृत्तीचं वय उलटल्यावरही दुसरं कोणी मिळेना म्हणून तीच राहिली. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या नोकरीसाठी आलेल्या मराठी कारकुनांनी ती आधी तंबूत भरवली, मग वर्गणी काढून इमारत बांधली. पुढे त्यांच्याच नातवंडांनी इंग्रजी शाळा धरली आणि नऊ वर्षांपूर्वी ही बंद पडली. दिल्लीत आणि आसपास बंद शाळा रिकामी राहत नाही. गाझियाबादच्या माझ्या मैत्रिणीची शाळा आता बारातघर (लग्नाचं कार्यालय) आहे. ती अंगठे धरून उभी राहायची तिथे नवरदेव घोडीवरून उतरतो. आत्याच्या शाळेत मोटारींच्या सुट्या भागांचं गोदाम आलं. ते घरापासून तीन गल्ल्यांवर, पण नऊ वर्षं आत्या भाजीलासुद्धा वळसा घालून जायची.

दुपारी छोले-कुलचे खाताना मी विषय काढला.

"येते की," आत्या म्हणाली. "पण माझी फेरी राहिली आहे."

फेरीचा नियम असा. कधीकाळी पहिलीतली एक मुलगी बाकावर झोपून गेली आणि संध्याकाळपर्यंत कुलपाआड राहिली. तेव्हापासून शेवटच्या शिक्षकाने प्रत्येक वर्गात जायचं, रोशनदान (छताजवळचा झरोका) लावायचं, "कोणी राहिलंय का?" असं मोठ्याने विचारायचं आणि मगच कुलूप. शाळेच्या अखेरच्या दिवशी हे काम आत्याचं होतं. ती गेलीच नव्हती.

"आजारी होतीस?"

"ठणठणीत होते. फेरी झाली असती तर शाळा बंद झाली असती."

मी चपला घातल्या.

माझी नोकरी बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे इमारत मी आधी डोळ्यांनी मोजली. उघड्या विटांचं काम, खोल व्हरांडा, सिमेंटच्या जाळ्या, रुंद छज्जे. त्या काळातल्या घाईच्या आणि काटकसरीच्या बांधकामांसारखीच दिसायला ओबडधोबड, पण आत गारवा. नव्या मालकांनी फाटकाच्या जागी तेवढं शटर बसवलं होतं. वर्गांच्या पाट्या जागच्या जागी होत्या.

"तीसरी में देख, साइलेंसर तीसरी में है!" गल्ल्यावरून मालक ओरडत होते. साठीचे पंजाबी गृहस्थ. आम्ही का आलो ते मी सांगितलं, तेव्हा त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"पाटियाँ हमने उतारी ही नहीं जी," ते आत्याला म्हणाले. "नंबर लगाने की मेहनत बच गई. आइए मैडम."

पहिलीत बंपर होते, दुसरीत हेडलाइट. रोशनदानांच्या दोऱ्या कुजल्या होत्या, म्हणून मालकांनी स्टूल आणलं आणि वर मी चढले. दुसरीत माझ्या डोक्यावर कबुतराचं घरटं पडलं. सुदैवाने रिकामं होतं. आत्या प्रत्येक दारात उभी राहून विचारायची, उत्तराची वाट पाहायची आणि पुढे जायची.

पाचवीत सीटकव्हरांच्या ढिगावर एक कामगार जेवून आडवा झाला होता.

"कोणी राहिलंय का?"

तो दचकून उठला. "जी, मैं हूँ."

"छुट्टी हो गई. घर जाओ," आत्या म्हणाली.

त्याने मालकांकडे पाहिलं. मालकांनी मान हलवली. तो डबा उचलून खरोखरच घरी गेला.

"अब ताला लगाइए," आत्या म्हणाली.

दुपारचे अडीच वाजले होते आणि गल्ल्यापुढे चार गिऱ्हाइकं उभी होती. मी ओशाळून मध्ये पडणार, तोच मालकांनी "दो मिनट, भाईसाहब" म्हणत गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, दिवे मालवले, शटर ओढलं आणि कुलूप लावून हिसका देऊन पाहिला. आत्यानेही एक हिसका दिला. मला रडू आलं, ते मी रस्त्यातच रडून घेतलं.

आम्ही गल्लीच्या वळणावर पोहोचलो तेव्हा मागे शटर वर गेल्याचा आवाज आला. आत्याचे कान तिखट आहेत. तिने वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गाडीत होतो. तिचं मन वळवायला मी पुण्याहून मुद्दे लिहून आणले होते: डॉक्टर, लिफ्ट, भाचरं. त्यांतला एकही लागला नाही. इमारतीचा वापर बदलण्याचे अर्ज मी नोकरीत ढिगाने पाहिले. त्यावर तिथल्या शेवटच्या बाईंची संमती लागते, असं कुठल्याही नियमात नाही. असायला हवं होतं.

मथुरा मागे पडल्यावर आत्याने विचारलं, "तुझ्या घराजवळ शाळा आहे?"

"आहे. समोरच."

"चालू आहे?"

"सकाळी सातला पोरांचा गलका सुरू होतो. झोप लागत नाही."

"मग माझी खाट त्या खिडकीशी लाव," आत्या म्हणाली.