मामानं मोठ्यानं म्हटलेली वंदना

मी आज जो काही आहे, तो माझ्या मामामुळे. विठ्ठलवाडीच्या चाळीतून तो आखातात गेला, तेलशुद्धीकरण कारखान्यात पाइपफिटर म्हणून. त्याच्या पगारावर मी तालुक्याच्या शाळेतून कॉलेजात पोचलो. घरातला पहिला पदवीधर मी. आता वर्तकनगरच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. धर्मस्वातंत्र्याचा धडा घेताना दरवर्षी मला मामा आठवतो.

कारण तो राहतो तिथे परक्या धर्माची पूजा चारचौघांत करायला कायद्यानं मनाई आहे. खोलीत काय करता हे सहसा कुणी विचारत नाही, पण मामानं तेवढीही जोखीम कधी घेतली नाही. दर पौर्णिमेला संध्याकाळी आई त्याला फोन लावते, बाळकुमच्या आमच्या घरात बुद्धमूर्तीपुढे ठेवते आणि आम्ही दोघं वंदना म्हणतो. मामा इअरफोन लावून नुसता ऐकतो. संपली की विचारतो, "हां, जेवलात का?"

मग तिकडे युद्ध पेटलं. मामाच्या कारखान्याजवळ काहीतरी पडलं, नेमकं काय ते तो सांगेना. इकडे सिलेंडर मिळेना. आई इंडक्शनवर भात लावायची आणि बातम्यांचा आवाज वाढवायची. मी शिकवता शिकवता खिशातला फोन चाचपायचो. गॅस एजन्सीपुढच्या रांगेत सगळे सिलेंडरच्या वाढलेल्या भावाबद्दल बोलत. हा गॅस जिथून येतो तिथे माझा माणूस आहे, असं सांगावंसं वाटायचं, पण तोंड उघडायचं नाही. ज्यांना परत जायचंय त्यांनी नाव द्या, असं कंपनीनं सांगितल्याचं मामाच बोलून गेला होता. नाव दे म्हटलं की थट्टेवर न्यायचा. तिकडे येऊन काय करू, तुझ्या वर्गात बसू का रे, म्हणायचा.

पौर्णिमेला फोन लागला तेव्हा तो तळघरात होता. सायरन वाजला म्हणून सगळ्यांना खाली नेलं होतं. आईनं वंदना सुरू केली आणि फोनमधून मामाचा आवाज आला. घोगरा, मोठा, आमच्याबरोबर शब्द न् शब्द. मागून आणखीही आवाज येत होते. कुणी मल्याळममध्ये प्रार्थना करत होतं, कुणी नमाज पढत होतं. मला भरून आलं. वाटलं, इतक्या वर्षांनी मामा मोकळा झाला.

आई मात्र मध्येच थांबली.

"अरे, हळू म्हण ना," ती म्हणाली.

"आता कशाला हळू, ताई?"

एवढं बोलणं झालं आणि फोन तुटला. पुन्हा लागेना. आई मूर्तीपुढे तशीच बसून राहिली. मी तिला सांगू लागलो की हे चांगलंच झालं, त्याची भीती गेली. तिनं माझ्याकडे पाहिलं. "त्यानं आशा सोडलीय," ती म्हणाली.

सकाळी त्याचा मेसेज आला, "ठीक आहे." तेवढाच. मी शाळेत शिकत असताना मामा मला हातानं पत्रं लिहायला लावायचा, अक्षर सुधारावं म्हणून. मी कागद घेतला, पत्र लिहिलं आणि त्याचा फोटो पाठवला.

"मामा,

अक्षर बिघडलंय, रागावू नकोस. काल तुझा आवाज ऐकून मला आनंद झाला आणि आईला रडू आलं. तिला तू माझ्यापेक्षा जास्त कळतोस. आपली प्रार्थना मोठ्यानं म्हणायला कुणालाही तळघरात जायची वेळ येऊ नये, हे मी मुलांना शिकवतो. तुझ्याशी मात्र कधी बोललो नाही. इथेही सगळं सरळ नाही. मूर्ती खिडकीत ठेवली म्हणून सोसायटीत एकानं कुरकुर केली. मी त्याला घटनेतलं कलम वाचून दाखवलं. त्याला काही ते पटलं नाही, पण मूर्ती खिडकीतच आहे.

कंपनीचा करार अर्धा राहिला तर राहू दे. आजच नाव दे. इथे येऊन काय करू, असं विचारतोस ना? पुढच्या पौर्णिमेला वंदना तू सुरू कर, आम्ही तुझ्यामागून म्हणू. हळू म्हटलीस तरी चालेल.

तुझा भाचा"