उद्या उमलणारी कळी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मला प्रकल्पासाठी निशिगंध मिळाला. कळीच्या आत अंडपेशी कशी घडते, ते टप्प्याटप्प्यानं दाखवायचं होतं. फुलं शोधायला लांब जायला नको होतं. भांडगावला आत्याचं निशिगंधाचं रान होतं आणि मी तिच्याकडेच राहून कॉलेजला जायचे.

दोन महिने मी कळ्या मेणात बसवून त्यांचे पातळ काप काढत होते. हाती काही लागेना. कधी बीजांडात नुसती एक मोठी पेशी दिसायची, कधी सगळं सुकून गेलेलं. एका सकाळी मी सरीतच बसून रडले.

आत्यानं फुलांची टोपली खाली ठेवली. "काय हुडकतीस तू एवढं?"

मी सांगितलं. आत एक पेशी असते. तिच्या चार होतात. तीन विरून जातात, सगळ्यात आतली तेवढी राहते. ती वाढते आणि तिच्यात अंडपेशी तयार होते. "पण कितव्या दिवसाची कळी घ्यायची, तेच कळत नाही."

"मग मला इचारायचं न्हाई व्हय?" धुक्यात तिची बोटं दांड्यावरून वर सरकत गेली. "ही उद्या उमलंल. ही परवा. ही चार दिसांनी."

त्या कळ्या मी वेगवेगळ्या बाटल्यांत भरल्या. पंधरा दिवसांनी, उद्या उमलणाऱ्या कळीच्या कापात, सूक्ष्मदर्शकाच्या जांभळट उजेडात ती वाढलेली पेशी दिसली. एका टोकाला अंडपेशी आणि तिच्या दोन सोबतिणी, पलीकडे तीन पेशी, मधोमध दोन केंद्रकं एकमेकांना टेकलेली. किती वेळ बघत राहिले कोण जाणे. पंख्याचा आवाज लांबच्या पाटासारखा येत होता.

सरांना विचारून मी आत्याला प्रयोगशाळेत नेलं. पदर सावरून तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"कोनाची वाट बघतीया ही?"

"परागाची. आला तर बी धरतं."

"आन् आपन त्याच्याआधीच तोडतो," ती हळूच म्हणाली.

त्यानंतर तिनं बांधालगतचे पाच-सहा दांडे राखले. निशिगंध कंदांपासूनच लावतात, बी क्वचित धरतं, हे मी तिला सांगितलं होतं. तरी ती रोज बघायची. फुलं उमलली, संध्याकाळी पतंग आले, फुलं वाळली. एकाच दांड्यावर बोंड धरलं. त्यातल्या काळ्या, चपट्या बिया तिनं दुधाच्या पिशवीत माती भरून लावल्या. एक उगवली, गवताच्या पात्यासारखी.

कॉलेज संपल्यावर मी भांडगाव सोडलं. परवा फोनवर आत्या सांगत होती, त्या रोपाच्या बुडाशी आता बारका कंद धरलाय.