एक वाजताची कोरी ओळ

नोकरीतले मोठमोठे गुन्हे आता आठवून आठवून सांगावे लागतात. नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका रबर कारखान्यातली चोरी मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे.

माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. बुधवारी सकाळी पोलीस ठाण्यात दोघे जण आले. एक कारखान्याचा मालक, मूळ करावे गावचा, जमीन शहर वसवण्यात गेल्यावर वडिलांनी काढलेला धंदा पुढे चालवणारा. दुसरी खारघरला राहणारी तरुण इंजिनिअर. लहान कारखान्यांत ऊर्जा कुठे वाया जाते हे तपासून अहवाल देणं हे तिचं काम. त्या अहवालावर नव्या यंत्रांसाठी सरकारी अनुदान मिळायचं.

तिने मुख्य वीज पॅनलमध्ये डब्याएवढं नोंदयंत्र बसवलं होतं. सात दिवस ते विजेचा वापर टिपणार होतं. पाचव्या दिवशी, म्हणजे आदल्या दुपारी, एकच्या जेवणाच्या सुट्टीनंतर ते जागेवर नव्हतं.

"साहेब, शनिवारी अर्जाची मुदत संपते," मालक म्हणाला. "जुन्या मोटारी वीज खातात, माल महाग पडतो. एक गिऱ्हाईक तुटलंय. दुसरं तुटलं तर चाळीस मानसांना काय सांगू?"

तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि हवालदाराला घेऊन मी स्वतः गेलो. पॅनलची किल्ली फोरमनच्या टेबलावर उघडी पडलेली असायची. हात कुणाचाही असू शकत होता.

गेटवर चहा विकणाऱ्या बाईने पहिली खबर दिली. "काल सुट्टीत लोडर मोठी पिशवी घेऊन गेला, साहेब. एरवी नाय जात तो."

लोडर म्हणजे माल चढवणारा-उतरवणारा कामगार, जुईनगरला राहणारा, मूळचा मराठवाड्याचा. त्याला ऑफिसात बसवून दोन तास विचारपूस केली. तो घामाघूम झाला, दोनदा जबाब बदलला. चोर सापडला अशी माझी खात्रीच झाली. शेवटी कळलं, की पिशवीत बायकोच्या शिलाई मशीनची मोटर होती. गेटपास न घेता दुरुस्तीला टाकायला गेला होता, म्हणून घाबरला होता. हवालदार दुकानात जाऊन खात्री करून आला.

मग बाकीच्यांचे जबाब. सगळ्यांना एकच प्रश्न, "त्या वेळी कुठे होतात?" सगळ्यांचं एकच उत्तर, "जेवत होतो."

हाती काही लागेना, म्हणून फिरत फिरत बॉयलरच्या खोलीत शिरलो. बॉयलर सांभाळणारे काका कोकणातले, किडकिडीत, इस्त्रीचा खाकी शर्ट घातलेले. त्यांची नोंदवही चाळली. दर तासाला वाफेचं प्रेशर, पाण्याची पातळी, पुढे सही. माझा जन्म रजिस्टरांत गेला, चांगली वही मला लगेच ओळखू येते. कित्येक महिने मागे गेलो, एकही तास सुटलेला नव्हता. फक्त मंगळवारी एक वाजताची ओळ कोरी होती. मनात खोट असलेल्या माणसाने ती नंतर भरून टाकली असती.

"काका, काल एक वाजता प्रेशर किती होतं?"

त्यांनी वही माझ्या हातातून घेऊन मिटली. "बघितलं नाय, साहेब. मी इथं नवतो. खोटा आकडा कसा लिहू?"

त्यांनी आपली पेटी उघडली आणि स्वच्छ टॉवेलात गुंडाळलेलं यंत्र माझ्या हातात दिलं. मी मालकाला आणि इंजिनिअरला बोलावून घेतलं.

"विकायला नाय घेतलं," काका खाली बघत म्हणाले. "या मॅडम जुनं काय ते शोधतायत असं ऐकलं. माझा बॉयलर जुना. त्याला काढला की मला कोण ठेवणार? दोन वर्षं राहिलीत माझी."

इंजिनिअर त्यांच्याजवळ गेली. "काका, हे यंत्र फक्त विजेचं आहे. तुमच्या बॉयलरचं यात काहीच नोंदलं जात नाही."

काकांचा चेहरा पाहवेना. मालक पुढे झाला. "मी शाळेत व्हतो तवापासून तुमाला बघतोय, काका. मला इचारायचं तरी."

"तुमी तरी मला कुठं विचारलंत?" काका हळू आवाजात म्हणाले. "रबर दाबायच्या शेवटच्या प्रेसकडं जाणाऱ्या पाइपातून वाफ गळते. तीन वर्षं फोरमनला सांगतोय."

इंजिनिअरने वही काढली. "दाखवा मला."

काका पुढे, ती मागे. पाइपाच्या एकेका जोडापाशी ते थांबत, बोलत, आणि ती लिहून घेत होती. मी आणि मालक नुसते बघत उभे राहिलो.

यंत्रातल्या नोंदी शाबूत होत्या. ते त्याच दुपारी पुन्हा बसवलं आणि उरलेले दोन दिवस भरून काढले. तक्रार नाही असा जबाब इंजिनिअरने लिहून दिला. वरिष्ठांना सगळं खरं सांगून मी तक्रार अर्ज निकाली काढला. शनिवारी अनुदानाचा अर्ज गेला आणि काही महिन्यांनी मंजूरही झाला. मोटारी बदलल्या, वाफेच्या पाइपांचे गळके जोड बदलून त्यांना नवं आवरण चढलं. बॉयलर राहिला, काकाही राहिले.

त्या बुधवारी कारखान्यातून निघण्यापूर्वी मी लोडरची माफी मागितली होती. वर्दीत असताना ते सोपं नसतं. तो कसनुसं हसला आणि म्हणाला, "तेवढी गेटपासची गोष्ट बगा, साहेब." मी मालकाशी बोललो.

इतकी वर्षं माणूस समोर बसला, की तो कुठे होता हेच मी आधी विचारत आलो होतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षात ती सवय मोडली. पाणी द्यायचं, नीट बसू द्यायचं, आणि मग म्हणायचं, "तुमचं काम काय असतं, ते जरा मला समजावून सांगा."