बाबांचं अमेरिकेतलं पहिलं मत

आमच्या कोपऱ्यावर आता बस थांबते. ट्रॉय या अमेरिकेतल्या उपनगरात, आमच्या गल्लीत हे कधी होईल असं मला वाटलं नव्हतं. मी ऑफिसला मुद्दाम मागच्या रस्त्याने जातो. सात मिनिटं जास्त लागतात, लागू देत. कारण त्या थांब्यावर कुणी काठीवाला म्हातारा दिसला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो, मागचा हॉर्न वाजवतो, आणि पुढचा अर्धा दिवस माझा मला उपयोग नसतो. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. अजून दुपारी त्यांच्या खोलीत खुर्ची सरकल्यासारखी वाटते आणि मी मीटिंग म्यूट करून कान देतो.

बाबा साताऱ्याकडचे शाळामास्तर. दर निवडणुकीला मतदान केंद्रावर ड्यूटी ठरलेली. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं आणि पंचाहत्तरीच्या उंबऱ्यावर ते अमेरिकेचे नागरिक झाले. शपथ घेऊन परतताना गाडीतच म्हणाले, "मतदारयादीत नाव कधी घालायचं?"

"अहो बाबा, जरा दम धरा."

"दम काय धरायचाय? आयत्या वेळी धावणारे आयुष्यभर बघितलेत मी."

त्याच संध्याकाळी लॅपटॉपवर नाव घातलं. राज्याच्या ओळखपत्राचा नंबर, जन्मतारीख, पत्ता, झालं. बाबांचा विश्वासच बसेना. "कुणी घरी येऊन तपासत नाही?" मी सांगितलं, निवडणुकीच्या दोन आठवडे आधीपर्यंत हे असं घरबसल्या होतं. त्यानंतर पत्त्याचा पुरावा घेऊन सिटी क्लर्कच्या, म्हणजे निवडणुका बघणाऱ्या नगरपालिकेच्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसात जावं लागतं. "म्हणजे आळशांचीही सोय आहे," बाबा म्हणाले. त्यांना कंपवात होता, रांगेत उभं राहणं जमलं नसतं, म्हणून मतपत्रिका पोस्टाने मागवली.

ती निवडणुकीच्या महिनाभर आधीच आली. त्या वेळी साऱ्या राज्याला एकच प्रश्न विचारला होता: उपनगरांमधून बस चालवायच्या का, आणि त्यासाठी जादा कर द्यायचा का? वर 'हो', खाली 'नाही', पाहिजे त्यासमोरचा गोल काळा करायचा. डायनिंग टेबलवर मी तो मजकूर मराठीत समजावून सांगितला.

"हो वर कर," बाबा म्हणाले.

"बाबा, टॅक्स वाढेल. आणि तुम्हाला बस कशाला हवी? मी सोडतो ना पाहिजे तिथे?"

"सोडतोस की. पण आधी घड्याळाकडे बघतोस."

मला झोंबलं. खरं होतं म्हणूनच झोंबलं. शनिवारची लायब्ररी, रविवारचं देऊळ, मध्येच दाढीचं ब्लेड संपलं म्हणून दुकान. मी कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि एवढ्याच गोष्टीवर मी स्वतःला श्रावणबाळ समजत होतो. पेन माझ्या हातात होतं. बाबांचा हात थरथरायचा, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. मी रागारागाने 'नाही'चा गोल काळा केला.

"केलंस?"

"केलं."

पाकिटावर त्यांनी सही केली, वाकडीतिकडी, पण पूर्ण नाव. मदत करणाऱ्यालाही खाली सही करावी लागते. मतदाराने सांगितल्याप्रमाणेच खूण केली, असं तिथे छापलेलं असतं. मी ते त्यांना वाचून दाखवलं. होय, वाचून दाखवलं! बाबा म्हणाले, "आम्हीही आंधळ्या मतदाराच्या सोबत्याकडून असंच लिहून घ्यायचो." मी सही ठोकली आणि पाकीट सिटी हॉलबाहेरच्या पेटीत टाकून आलो.

राग दोन दिवसांत उतरला. मग लाज वाटायला लागली. शोधलं तर कळलं, दिलेली मतपत्रिका रद्द करून नवी मागता येते. मतदाराने लेखी अर्ज करायचा, त्यावर त्याचीच सही हवी. मुदतही बरीच होती. म्हणजे बाबांना सांगणं भाग होतं. रोज ठरवायचो. आणि बाबा रोज जेवताना बसचाच विषय काढायचे. कुठे थांबेल, म्हाताऱ्यांना पायरी झेपेल का, ड्रायव्हरशी इंग्रजीत काय बोलायचं. बोलून झालं की माझ्याकडे बघत राहायचे. मी ताट उचलून सिंककडे जायचो. म्हटलं, शनिवारी निवांत सांगू.

गुरुवारी दुपारी मी वरच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होतो. चहाला हाक मारायला खाली आलो तर बाबा खुर्चीत होते आणि बाबा नव्हते.

पंधरवड्याने मी क्लर्कच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या बाई फार हळुवार बोलल्या. आमच्या राज्यात निवडणुकीआधी मतदार वारला तर त्याचं आधी आलेलं मत मोजत नाहीत, ते बाजूला काढतील, म्हणाल्या. माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटलो'. बाप गेला, त्याचं इथलं एकमेव मत बाद झालं, आणि मी सुटलो म्हणतोय! त्या शब्दाची मला आजही शिसारी येते. निवडणुकीच्या दिवशी मी स्वतः केंद्रावर गेलो, ओळखपत्र दाखवलं आणि 'हो'चा गोल इतका गिरवला की कागद फाटायची वेळ आली. प्रस्ताव पास झाला. माझ्या मताने बाबांचं मत भरून निघालं, असं मात्र एक दिवसही वाटलं नाही.

वर्षश्राद्धाला साताऱ्याला काकांना फोन केला. बाबांचे धाकटे भाऊ. इकडचं तिकडचं झाल्यावर ते म्हणाले, "दादाने मत दिलं त्याच दिवशी मला फोन केला होता. म्हणाला, पोराने नाहीवर काळं केलं."

"त्यांना दिसलं होतं?"

"अक्षर दिसत नव्हतं रे. पण वरचा गोल पांढराच राहिला, एवढं दिसलं म्हणाला."

"मग सही का केली त्यांनी?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणतो, रागात केलंय, राग उतरला की येईल आपणहून सांगायला. आणि कागद बदलून मिळत असणारच, आपल्याकडे मिळतो तसा. आठवडाभर रोज फोन करायचा दादा. आज विषय काढला, म्हणायचा, पण पोरगा बोलला नाही अजून." मग म्हणाले, "शेवटी सांगितलंस ना रे त्याला?"

मी म्हटलं, "हो काका. सांगितलं."

"बरं केलंस रे," काका म्हणाले. "त्यातच जीव अडकला होता त्याचा."