बिनमिठाचं सूप

गेल्या मंगळवारी सकाळी कॅन्टीनच्या काउंटरवर मॅनेजरने चॉकलेटचा मोठा डबा आणून ठेवला. "फॉर द गर्ल्स इन द किचन," म्हणाला, हसला आणि निघून गेला. त्या डब्यावरून मी जो घोळ घातला तो आज लिहितेय. त्याला विचारून लिहितेय, हे आधी सांगते.

मी आयर्लंडमध्ये नास गावात राहते आणि एका कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये सहा वर्षं काम करते. शिक्षण सातवी, त्यामुळे चुका काढत बसू नका. माझी मुलगी सई त्याच कॉलेजच्या मुलींच्या टीममधून इथलं फुटबॉल खेळते... हाताने पण आणि पायाने पण खेळतात ते. कोचला इथे मॅनेजर म्हणतात.

टीमच्या लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पालक, जुन्या खेळाडू, गावातले रिकामे लोक, सगळे त्यात. दीड महिना तिथे एकच दळण... मॅनेजर राहतोय की जातोय? प्रॅक्टिस संपायच्या आधीच गाडी काढतो, फोन उचलत नाही, म्हणजे नक्की दुसऱ्या कॉलेजने पळवला. मग त्याच्या जागी कोण? एक म्हणे लेटरकेनीचा तो मास्तर आणा, दुसरा म्हणे त्याच्यापेक्षा माझी आजी बरी. मी सगळं वाचायची आणि अंगठे द्यायची. शनिवारी सेमी फायनल होती, म्हणून जास्तच गरम झालं होतं.

त्यात हा डबा. वाढदिवस नाही, ख्रिसमस नाही... आपल्याकडे माणूस उगाच मिठाई वाटतो का? नोकरी लागली की पेढे येतात. माझ्या डोक्यात तेच फिट्ट बसलं.

फोनमध्ये बोलून इंग्लिश टाइप करून घेतलं आणि टाकलं ग्रुपवर. मॅनेजर चालला, नवीन जॉब मिळाला, किचनमध्ये स्वीट्स वाटतोय. एवढंच. कोणाला विचारलं नाही, थांबले नाही. थांबायची मला सवयच नाही.

अर्ध्या तासात ग्रुप पेटला. "फेअर प्ले सुनीता, यू हर्ड इट फर्स्ट!" फेअर प्ले म्हणजे इथलं शाब्बास. एरवी त्या ग्रुपमध्ये मला कुत्रं विचारत नाही. खरं सांगते, दिवसभर मी फुगून होते. चहाचे कप घासताना पण हसत होते.

गुरुवारी सई प्रॅक्टिसवरून आली आणि बूट न काढता दारातच उभी राहिली. "मम, डू यू नो व्हॉट यू डिड?" मी म्हटलं, आधी जेवून घे. ती म्हणाली, नो, लिसन.

मुलींनी मॅनेजरला घेरलं होतं. कॅप्टन म्हणाली, जायचं असेल तर शनिवारच्या आधी तोंडावर सांग, ग्रुपवरून कळायला नको. मग त्याने सांगितलं... बायको आजारी आहे, सहा आठवडे हॉस्पिटलमध्ये होती, सोमवारीच घरी आणली. तिला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. प्रॅक्टिसमधून लवकर निघायचा तो तिच्याकडे जायला. सांगताना वीस पोरींसमोर रडला.

आणि डबा? तो सूपबद्दल थँक यू म्हणून होता.

सहा आठवडे रोज तो फ्लास्क घेऊन यायचा. दोन सूप, त्यातलं एक बिनमिठाचं. मोठ्या भांड्यात मीठ पडायच्या आधी मला एक वाटी बाजूला काढावी लागायची आणि मी रोज चिडायची. याचे काय नखरे, म्हणायची... एवढा धडधाकट माणूस आणि डाएट करतोय! त्याच्या आजारी बायकोच्या तोंडात जाणारं सूप मी माझ्या हाताने भरत होते आणि वर शिव्या देत होते.

सई म्हणाली, "युअर नेम वॉज ऑन इट, मम. एव्हरीवन सॉ." तिला माझी लाज वाटत होती. पोरीच्या डोळ्यात ते बघायला लागलं.

शुक्रवारी ग्रुपवर लिहिलं... मला कोणी सांगितलं नव्हतं, मी माझ्या मनाने बनवलं, चूक माझी. सई इंग्लिश नीट करून देते म्हणाली. मी म्हटलं राहू दे, तसंच जाऊ दे. या वेळेला अंगठा एक पण आला नाही.

शनिवारी पोरी एका पॉइंटने हरल्या. माझ्यामुळे असं कोणी म्हणालं नाही. पण कोणी माझ्या बाजूला उभं पण राहिलं नाही.

सोमवारी मॅनेजर काउंटरवर आला. मी म्हटलं, सॉरी, ते मी केलं. "आय नो, सुनीता," म्हणाला. मग मी त्याला पेढ्यांचं सांगितलं, आमच्यात मिठाई कधी वाटतात ते. थोडा हसला... "सो आय शुड हॅव ब्रॉट यू बिस्किट्स." मला हसता आलं नाही.

मग हळूच म्हणाला, माझं जाऊ दे, पण आता सगळं गाव तिला फोन करतंय आणि ती फोन बंद करून बसलीय. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याने फ्लास्क पुढे केला. मला वाटलं होतं आता हा माझ्या हातचं घेणार नाही. मी विचारलं, कशी आहे ती? "ग्रँड," म्हणाला, इथे कसंही असलं तरी बरं आहे म्हणायला तेच म्हणतात. मी फ्लास्क भरून दिला.

सहा आठवडे तो माणूस रोज माझ्यासमोर दोन मिनिटं उभा राहत होता. तेव्हा एवढंच विचारायचं होतं, हे बिनमिठाचं कोणासाठी... डबा अजून किचनमध्ये आहे. बाकीच्या खातात. मी रोज मीठ घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढते, आता तोंड बंद ठेवून.