ब्राँझचा टॉवेल

दक्षिण शिकागोतल्या सलूनवाल्या थॅडियसमामांच्या जुन्या टॉवेलावरून भाची इमानीने ब्राँझचा टॉवेल घडवून संग्रहालयात मांडला होता. खाली लिहिलं होतं, ‘काळ्या पुरुषाचा कणखरपणा’. मामा गोंधळून बघतच राहिले.

“अगं, फडकं ते! त्यात कसला डोंबलाचा कणखरपणा?”

“दाढीआधी तू ते गरम करून गिऱ्हाइकांच्या तोंडावर टाकायचास ना, मामा? बाबांच्या तोंडावर तर कितीतरी वेळ ठेवायचास.”

मामांना ते शनिवार आठवले. बहीण गेल्यावर मेहुणा दर शनिवारी यायचा, दाढी वाढलेली नसली तरी. टॉवेलाखाली रडून घ्यायचा. तेवढा वेळ सलूनमधले सगळे मुद्दाम मोठमोठ्याने बेसबॉलवरून भांडायचे.

हे पोरीला सांगावं की नाही, मामांना कळेना. त्यांनी टॉवेलाला हळूच हात लावला.

“गार आहे गं,” एवढंच म्हणाले.